जड गोळीचे भक्त

आमच्या छत्रपती संभाजीनगरात परवान्याची रायफल बाळगणाऱ्यांची एक जमात आहे. यातल्या प्रत्येकाच्या आजोबांनी गौताळ्यात वाघ मारलेला असतो. सगळ्या आजोबांचे वाघ एकदम उभे केले तर त्या डोंगरात पाय ठेवायला जागा उरायची नाही. बैठक बसली की निकाल ठरलेला: "जनावर मोठं आहे, गोळी जडच पाहिजे." कोणी हलक्या, सबंध तांब्याच्या गोळीचं नाव काढलं, तर नान-खलियाच्या पंगतीत काकडीची कोशिंबीर मागितल्यासारखं त्याच्याकडे बघतात.

शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली, हे या मंडळींनाही ठाऊक आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये एक दार उघडं आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारा रोही किंवा रानडुक्कर वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतं. कन्नड-सोयगावकडचा मका उत्पादक हे दार ठोठावतो, आणि मग गावात रायफल कोणाकडे आहे याची शोधाशोध सुरू होते. नर रोही दोनशे किलोंच्या पुढे जातो. त्याला कोणी मारावं, कोणाच्या सहीने मारावं, हे कलम सांगतं. कशाने मारावं, यावर चकार शब्द नाही. तिथे आमचे जड गोळीचे भक्त सरसावतात.

आता त्यांचा हिशेब तपासू. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.9. म्हणजे शिशाच्या गोळीइतक्याच वजनाची गोळी तांब्याची केली, तर ती लांब होते. लांब गोळी हवेत सरळ ठेवायची तर तिला जास्त जोरात फिरवावं लागतं, आणि नळीतला पीळ तर कारखान्याने एकदाच कापून दिलेला असतो. शिवाय लांब गोळी काडतुसात खोल बसून दारूची जागा खाते. म्हणून तांब्याची गोळी हलकीच निवडायची. तीस-शून्य-सहा रायफलीत शिशाची 180 ग्रेनची गोळी घालणारा माणूस तांब्याची 150 ग्रेनची घालतो. ग्रॅममध्ये 11.7 आणि 9.7. या दोन ग्रॅमसाठी एवढा गळा काढला जातो!

आणि हे वजन नळीतून निघतानाचं. मऊ नाकाची शिशाची गोळी खांद्याच्या हाडावर आदळली की फुटते, विखुरते; तिसरा हिस्सा गमावला तरी नवल नाही. मग पुढे काळजाकडे जाणारी गोळी राहिली पावणेआठ ग्रॅमची. तांब्याच्या गोळीचं टोक पाकळ्यांसारखं उघडतं आणि वजन जवळपास सगळं शाबूत राहतं. जनावराच्या अंगात जड कोण, हे आता तिसरीतलं पोर सांगेल. अमेरिकेच्या बार्न्स कंपनीने अशी गोळी 1989 च्या सुमारास बाजारात आणली. आमची बैठक अजून त्याआधीच्या सालात बसलेली आहे.

तांब्याचीही एक अट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही: तिला वेग लागतो. वेग कमी पडला की पाकळ्या उघडत नाहीत, गोळी दाभणासारखी आरपार जाते आणि जखमी रोही उसात शिरतो. इथे आपली देशी अडचण आहे. आपल्याकडच्या परवानाधारकाच्या हातात बहुधा ईशापूरच्या कारखान्याची .315 बोअरची रायफल असते. लष्करी काडतूस नेटिवाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी रुळवलेला हा बोअर. इंग्रज गेले, बोअर राहिला. तिची गोळी 244 ग्रेनची, पावणेसोळा ग्रॅमची, आणि नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला जेमतेम सहाशे मीटर. याच वजनाची गोळी तांब्यात ओतली तर शंभर मीटरवर ती उघडेल याची खात्री कोणी देऊ नये. उपाय एकच: गोळी हलकी करा, वेग वाढवा, टोक कमी वेगाला उघडेल असं कापा. अशी गोळी परदेशातून मागवायची सोय साध्या परवानाधारकाला नाही. ती खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यानेच करायला हवी.

शिशाचा विषय मात्र कोणालाच नको असतो. गोळीचे कण जखमेपासून वीतभर लांबवर मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. 2008 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसाचे एक्स-रे काढले तेव्हा ते दिसले. कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीतलं शिसं पूर्ण बंद केलं, डेन्मार्कने 2024 मध्ये रायफलीच्या गोळीतूनही हद्दपार केलं. आपल्याकडे कलम 39 प्रमाणे मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता. पण जखमी होऊन नाल्यात मेलेल्या डुकराचा पंचनामा कोल्हे आणि तरस करतात, शिशासकट. आणि सरकारी मालमत्ता एखाद्या पातेल्यात शिजलीच, तर ते शिसं पोरांच्या ताटात.

प्राणिप्रेमींचंही काही वेगळं नाही. 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेहून जास्त रोही मारले गेले, तेव्हा दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे भांडले. मारावं की नाही यावर रण माजलं. जनावर किती वेळ तडफडलं, गोळी कसली होती, हा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नाही. ज्यांना कळवळा येतो त्यांना काडतुसाचं नाव घेणं विटाळ वाटतो, आणि ज्यांना काडतूस कळतं त्यांना कळवळ्याचं हसू येतं.

2021 पासून खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच. वनखातं सरकारचं, कारखाना सरकारचा, मेलेलं जनावरही सरकारचं. परवानगीच्या कागदावर "गोळी बिनशिशाची" एवढे दोन शब्द घालायला आणि कारखान्याला एक पत्र लिहायला कोणाची हरकत असावी? महाग पडेल, असं बैठकीतले जाणकार सांगतात. एका रोहीला एक, फार तर दोन गोळ्या लागतात. पंचनाम्याला येणारी जीप त्याहून जास्त डिझेल पिते.