रडून मोकळे होणारे आपण

‘पुस्तक वाचून अक्षरशः रडू कोसळले’ याहून मोठी शिफारस आज कोणत्याही कादंबरीला लाभत नाही. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आले की लेखकाचेही काम संपले आणि वाचकाचेही, असा सोयीस्कर समज आपल्या सुशिक्षित घरांत रूढ झाला आहे. या समजालाच माझा विरोध आहे.

आयरिश लेखिका क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) ही छोटेखानी कादंबरी पाहा. १९८५ चा नाताळ तोंडावर आला आहे. न्यू रॉस गावातील कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग मठात कोळसा पोहोचवायला जातो. तेथील कोठारात त्याला कोंडून ठेवलेली एक मुलगी आढळते. फर्लाँगला पाच मुली आहेत आणि गावातील चांगली शाळा मठाच्या भिंतीला लागूनच आहे. नसत्या भानगडीत पडू नये, हा शहाणपणा त्याला घरातही ऐकावा लागतो आणि गावातही. तरीही नाताळच्या आदल्या दिवशी त्या अनवाणी मुलीला घेऊन तो भर रस्त्याने आपल्या घराकडे निघतो.

कथा काल्पनिक आहे; पार्श्वभूमी नव्हे. धर्मभगिनींनी चालवलेल्या मॅग्डालेन धुलाईघरांत १९२२ ते १९९६ या काळात सुमारे १०,००० स्त्रिया व मुली राबल्या. शासनाचाही त्यात हात होता. २०१३ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

अशा पुस्तकाने ख्रिस्तसभेची बदनामी होते, असे काही जण म्हणतील. बदनामी मुलीला कोंडल्याने झाली की ते सांगितल्याने? मुलीला मठातच सोडून आलेला फर्लाँग मिस्सेला जातो, पण पवित्र कम्युनियन घ्यायला पुढे होत नाही. ज्याला या प्रसंगात धर्मनिंदा दिसते, त्याने विवेक जागा होणे म्हणजे काय, हे पुन्हा शिकावे.

परंतु माझे खरे भांडण त्यांच्याशी नाही. ते रडणाऱ्यांशी आहे, म्हणजे माझ्याशीही आहे. हे पुस्तक वाचून मी रडलो. मन हलके झाले, स्वतःच्या कोमलपणाचे थोडे कौतुकही वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरकामाच्या बाईंना उशीर झाला म्हणून मी त्यांना चार शब्द सुनावले. उशीर का झाला, हे विचारावेसे मात्र वाटले नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात सोळाशे वर्षांपूर्वीच या दुखण्यावर बोट ठेवले होते. नाटकातील दुःख पाहणाऱ्याला कोणी मदतीला बोलावत नाही, केवळ हळहळायला बोलावते. मग ही कसली दया, असा त्यांचा सवाल होता. यरीहोच्या वाटेवरून पुढे निघून गेलेला याजक आणि लेवी आठवा. त्यांना वाईट वाटले नाही, असे शुभवर्तमानात कोठे म्हटले आहे? कदाचित वाटलेही असेल. शोमरोनी वेगळा ठरला, तो थांबला म्हणून.

मग अशा कादंबऱ्या वाचूच नयेत काय? अवश्य वाचाव्यात. पण वाचनाची कसोटी रुमाल किती भिजला ही नसावी. आपल्या धर्मग्रामात अविवाहित गरोदर मुलीला दार बंद करणारे घर कोणते, तिच्याविषयी कुजबुजणारे कोण आणि ऐकून गप्प बसणारे कोण, हे प्रश्न पुस्तक मिटल्यावर टोचले पाहिजेत. फर्लाँगच्या घरात त्या मुलीचे स्वागत झाले की नाही, हे लेखिका सांगत नाही. ती दोघे दाराशी पोहोचण्याआधीच कथा थांबते. दार उघडायचे की नाही, हे आतल्या माणसांनी ठरवायचे आहे; आणि आत आपण आहोत.