अवघड हत्यार, सोपे हत्यार

पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. पुढे त्या शहरात संगणक-उद्योग वाढला आणि महाराष्ट्रातील अनेक तरुणांनी नोकरीसाठी तीच वाट धरली. सुताराला जसा रंधा, तसा तेथे आज्ञावली लिहिणाऱ्याला टेक्स्ट एडिटर. हे हत्यार शिकायला सोपे असावे, की अवघड असले तरी चालावे, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये तयार केलेला 'व्हीआय' आणि त्याच धर्तीवर ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला 'व्हिम' नवशिक्याला गोंधळात टाकतात. एकच कळ कधी अक्षर उमटवते, तर कधी आज्ञा ठरते. बाहेर कसे पडावे, हेही अनेकांना उमगत नाही. याउलट २०१५ मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' माऊस आणि मेनूच्या साहाय्याने पहिल्याच दिवशी वापरता येतो.

मग अवघड हत्यार टिकले कसे? जॉय यांच्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून येणारी अक्षरे पडद्यावर संथपणे उमटत. थोड्या कळांत अधिक काम उरकणे ही तेव्हा गरज होती. तीच सोय आजही सरावलेल्या हाताला वेग देते. मोडी लिपीचेही असेच होते. लेखणी फारशी न उचलता ती भरभर लिहिता येई. अनभ्यस्त डोळ्यांना मात्र ती दुर्बोध वाटे.

म्हणून पहिल्या दिवसाच्या त्रासावरून हत्याराची पारख करू नये. त्याचबरोबर, अवघड हत्यार चालवता येणे म्हणजे बुद्धिमत्ता, असेही मानू नये. ज्याच्या घरी कधी संगणक नव्हता, असा होतकरू शिकाऊ पहिल्याच अडथळ्याला भिऊन परत फिरला, तर त्यात त्याच्याइतकेच व्यवसायाचेही नुकसान आहे. त्याने सोप्या एडिटरपासून आरंभ करावा, यात कमीपणा नाही. पण युनिक्स पद्धतीच्या बहुतेक संगणकांवर व्हीआय किंवा व्हिम आढळतो. तेव्हा त्याची ओळखही करून घ्यावी. व्हिमसोबत येणारा प्राथमिक पाठ सुमारे अर्ध्या तासाचा आहे. पुष्कळदा अवघड वाटते ते केवळ अपरिचित असते.