माईंचे नाक

फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे जातात. नवस फेडावा, मेणबत्ती लावावी, मुलाबाळांसाठी दोन किलो द्राक्षे घ्यावीत आणि रात्रीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. यंदा मात्र यात्रा आटोपल्यावर दिंडोरी तालुक्यातील एका जुन्या स्नेह्यांच्या मळ्यावर काही दिवस राहण्याचा योग आला. मळा सहा एकरांचा. राबणारी घरचीच माणसे चार: आमचे स्नेही, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि सूनबाई. पाचव्या माई, म्हणजे स्नेह्यांच्या मातोश्री. त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. घरामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिला ही मंडळी अभिमानाने वायनरी म्हणतात.

कौटुंबिक साप्ताहिकात हा विषय घ्यावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दारूपायी उद्ध्वस्त झालेले एकतरी घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात आहे. काहींच्या तर नात्यात आहे. वाईनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के आणि दुकानातील व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के, हे खरे. तथापि अति प्यायल्यास दोहोंचा शेवट एकच, हेही तितकेच खरे. दुसऱ्या बाजूने पाहता, वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस द्राक्षाच्या फळापासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असा आपल्या धर्मसभेच्या कायद्याचा दंडकच आहे. ज्या वस्तूवाचून मिस्सा होत नाही, ती शेतात कशी तयार होते हे आपण कधी पाहिलेले नसते. ते पाहिले, म्हणून लिहितो.

द्राक्षबागेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते एप्रिलात सुरू होते. युरोपात थंडी पडली की वेल पाने गाळून झोपतो आणि वसंतात आपोआप जागा होतो. आपल्याकडे त्याला झोप कुठली? म्हणून माणसाला कात्री हातात घेऊन त्याला वर्षातून दोनदा जागे करावे लागते. तोडणी संपली की एप्रिलात खरड छाटणी होते. प्रत्येक काडी जवळजवळ बुंध्यापर्यंत कापतात. भर उन्हाळ्यात ती उघडीबोडकी बाग पाहून नवख्याचे काळीज हलते. पण याच उन्हात नवी काडी फुटते, आणि तिच्या डोळ्यांमध्ये पुढील वर्षीचे घड अतिसूक्ष्म रूपात घडू लागतात. त्या दिवसांत आभाळ गच्च राहिले, तर डोळ्यांत घडच कमी धरतात. म्हणजे फेब्रुवारीत टोपली रिकामी का राहिली, याचे उत्तर कधीकधी मागल्या मे-जूनच्या आभाळात सापडते.

पावसाळा जातो केवड्याशी झुंजण्यात. पानावर तेलकट डाग दिसला की फवारणी, पाऊस उघडला की पुन्हा फवारणी. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. आता काडी आखूड करतात, आणि सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून एकेका डोळ्याला हाताने औषधाची पेस्ट लावतात. सहा एकरांत असे किती डोळे असतील, हे आम्ही सूनबाईंना विचारले. त्यांनी आमच्याकडे पाहून नुसतेच हसून घेतले. नोव्हेंबरात फुलोरा येतो, थंडीत भुरी येते, आणि नाताळच्या सुमारास मण्यांत पाणी उतरू लागते. फ्रान्समध्ये द्राक्षकारांचे आश्रयदाते संत विन्सेंट मानतात, आणि त्यांचा सण २२ जानेवारीला येतो. तिकडे त्या दिवशी बागा थंडीने काळ्याठिक्कर पडलेल्या असतात. आमच्या नाशिककडे मात्र त्याच आठवड्यात तोडणीच्या क्रेट धुऊन ठेवतात.

खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष ही दोन भावंडे खरी, पण त्यांचे संगोपन अगदी निराळे. खाण्याच्या मण्याला संजीवकात बुडवून लांब आणि टपोरे करतात, बी नको असते, साल पातळ हवी असते. वाईनचा मणी लहान, बीवाला आणि जाड सालीचा असावा लागतो, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. झाडावर घडही थोडेच ठेवतात. बाजारात कोणी हात लावणार नाही असे हे द्राक्ष आहे, आणि त्यातच त्याच्या मालकाचा धोका आहे: कारखान्याने घेतले नाही तर ते कोणीच घेत नाही.

हा धोका या कुटुंबाने भोगला. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आणले, तेव्हा नाशिक भागात एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी विश्वासाने वाईनच्या जाती लावल्या. या मळ्यावरही शिराझ आणि शेनिन ब्लांक आल्या. पुढे २००८ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, आणि हॉटेलांतील खप पडला. २००९च्या हंगामात यांच्या कंपनीने माल उचलला नाही. आधीच्या मालाचे पैसेही पुरते दिले नाहीत. घड वेलावर वाळले. त्या काळात अनेकांनी बागा मुळासकट उपटल्या. आमच्या स्नेह्यांनीही चार एकर उपटून खाण्याची द्राक्षे लावली. दोन एकर ठेवली, आणि आपला माल आपणच गाळायचा असे ठरवून परवान्यासाठी अर्ज केला.

माईंनी त्या दिवसापासून मुलाशी बोलणे टाकले. माई माळकरी, दर आषाढीला पंढरीची वाट चाललेल्या. त्यांचा धाकटा दीर ऐन पस्तिशीत दारूने गेला होता; त्याची लहान मुले माईंनीच वाढवली. "ज्या दारानं तो गेला, ते दार तू घरात बसवतोस काय?" एवढे एकच वाक्य त्या बोलल्या आणि गप्प झाल्या. स्नेही आम्हाला सांगत होते, की बँकेच्या हप्त्यापेक्षा ते मौन त्यांना जड गेले.

ते सुटले एका वासामुळे. पहिल्याच वर्षी लाल द्राक्षांची टाकी आंबत असताना माई मध्यरात्री उठल्या आणि मुलाच्या खोलीचे दार वाजवून म्हणाल्या, "तुझ्या शेडीतून सडक्या अंड्याची घाण येते." त्याला स्वतःला काहीच आले नव्हते. जाऊन पाहतो तो खरेच. रसात नत्र कमी पडले म्हणजे यीस्टची उपासमार होते आणि तसा वास सुटतो. वेळीच खुराक देऊन, रस उपसून हवा खेळवली तर तो सावरतो. उशीर झाला तर टाकी फेकावी लागते. टाकी वाचली. तेव्हापासून रोज पहाटे काकड्याचे अभंग म्हणत माई प्रत्येक टाकीपाशी जाऊन वास घेतात. आजवर एक थेंब त्यांच्या ओठाला लागलेला नाही.

मात्र त्यांनी आपल्या अटी घातल्या. मजुरीच्या बदल्यात कोणालाही बाटली द्यायची नाही, मजुरी रोख आणि त्याच दिवशी. पाहुण्यांना पाच घोट, सहावा नाही. गाडी चालवणाऱ्याला नुसता द्राक्षाचा ताजा रस. दिवेलागणीला शेडीची किल्ली माईंच्या कमरेला.

आम्ही पोहोचलो त्या दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. शिराझचा उतारा साडेएकवीस ब्रिक्स दाखवीत होता. निदान तेवीस हवा, म्हणजे अजून पाच-सहा दिवस. लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतो, तेव्हा कच्चे तोडले तर वाईन हलकी आणि आंबट होणार. थांबावे, तर पिकल्या मण्यावर पाऊस म्हणजे मणी फुटणार, कूज लागणार, आणि गारा पडल्या तर वर्षच गेले. बाप थांबू म्हणे, मुलगा तोडू म्हणे. दोघे मणी चावून बी दातांखाली फोडून पाहत होते. बी तपकिरी आणि कुरकुरीत झाली होती. संध्याकाळी ईशान्येला वीज लवली, आणि बापाने मान हलवली.

पहाटे चारला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आदिवासी भगिनी कपाळाला दिवे बांधून ओळींत शिरल्या. उन्हाने रस तापू नये, म्हणून सूर्योदयाच्या आत जितके होईल तितके उरकायचे असते. आम्हीही कात्री घेतली. तासाभरात आमची कंबर बोलू लागली. शेजारची बाई तोवर आमच्या तिप्पट क्रेट भरून पुढे गेली होती. साडेनऊला शेवटचा क्रेट आला. अकराला पाऊस आला, जेमतेम वीस मिनिटे.

चुरडलेल्या द्राक्षांच्या टाकीत दोन दिवसांनी साली वर तरंगून आल्या आणि आतून उकळल्यासारखा आवाज येऊ लागला. त्या साली दिवसातून तीनचार वेळा खाली दाबाव्या लागतात. त्यातून निघणारा वायू जड आणि जीवघेणा असतो. रिकाम्या टाकीत उतरण्यापूर्वी मुलगा मेणबत्ती आत सोडून पाहतो, विझली तर पाऊल नाही. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात का घालू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या फुसफुसणाऱ्या टाकीवर कान ठेवला तेव्हा चामड्याचा ताठरलेला बुधला का फुटत असेल ते समजले.

त्याच दुपारी मुंबईहून आठ पाहुणे आले. चाखण्याचे काम सूनबाईंकडे. पेला दांड्याने धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाईन तापते. आधी रंग पाहा, मग फिरवून वास घ्या, मग लहान घोट जिभेवर खेळवा. गिळायचा नसेल तर हे भांडे आहे. पाहुण्यांपैकी भांडे एकानेच वापरले. छापील कागदावर शिराझच्या वासापुढे 'ब्लॅकबेरी' असे लिहिले होते. ते फळ त्या खोलीत कोणी खाल्ले होते की नाही, देव जाणे. कोपऱ्यात गहू निवडीत बसलेल्या माईंपुढे सूनबाईंनी पेला धरला. माईंनी डोळे मिटले. "करवंद," त्या म्हणाल्या, "आणि मिरी. मिरी जास्त." शिराझमध्ये आणि काळ्या मिरीत एकच सुगंधी द्रव्य असते, असे शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. आम्हीही एक घोट घेतला. तुरट, किंचित आंबट, आणि खरोखरच शेवटी मिरीचा चटका. दुसरा घेतला नाही. माईंची नजर आमच्यावर होती.

निघताना आम्ही त्यांना विचारले, की दिरांची आठवण येते का. त्या म्हणाल्या, "रोज पहाटेला येते. म्हणून तर जाते तिथं."

मार्चअखेर स्नेह्यांचा फोन आला. लवकर तोडलेली शिराझ पातळ झाली आहे. भाव थोडा कमी करून विकावी लागेल. टाकीला माईंनी नाव ठेवले नाही, एवढेच समाधान. मुलगा छाटणीच्या कात्र्यांना धार लावायला दिंडोरीला गेला होता, आणि फोनमध्ये मागून माईंचा आवाज येत होता: किल्ली कुठे ठेवली म्हणून.