गोंदियाच्या गाठीही अभ्यासात हव्यात

शौचावाटे रक्त गेलं की आपल्याकडे पहिला निष्कर्ष ठरलेला: मूळव्याध. घरगुती उपाय चालू राहतात, दिवस जातात आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कळतो तेव्हा नागपूर गाठायची घाई होते. लवकर तपासणी हवीच. पण पुढचा प्रश्नही तितकाच मोठा आहे: तेच औषध एकाला लागू पडतं, दुसऱ्याला का नाही?

याचं उत्तर बऱ्याच अंशी प्रथिनांत आहे. औषध पोचल्यावर पेशी काही प्रथिनं वाढवते, काही घटवते. ती मरणार की तगणार, हे त्यावर ठरतं. पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी १९७५ मध्ये मांडलेली द्विमितीय जेल पद्धत हा बदल डोळ्यांना दाखवते. आधी विद्युतभारानुसार, मग वजनानुसार प्रथिनं वेगळी होतात. राइस मिलमध्ये तांदूळ आधी आकाराने, मग रंगाने निवडावा तशी. वीज सुरू केली की जेलमध्ये रंगाची निळी रेघ हळूहळू खाली सरकते. नंतर जेल कूमासी रंगात भिजवलं की शेकडो निळे ठिपके उमटतात. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींची जेल शेजारी ठेवायची. जो ठिपका गडद झाला किंवा फिका पडला, तो कापून मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखायचा.

मात्र या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एचटी-२९ पेशी १९६४ मध्ये ४४ वर्षांच्या एका गोऱ्या स्त्रीच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीतून वाढवलेल्या आहेत. भारतात हा रोग तरुणांतही बराच दिसतो. मग आपल्या रुग्णांच्या गाठी अभ्यासात नकोत का? टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई २०१८ मध्ये कर्करोगाच्या प्रथिनांवरील आंतरराष्ट्रीय उपक्रमात सामील झाल्या. मुंबईत यंत्रं आहेत, माणसं आहेत. गोंदियाहून तिथे नमुना पोचत नाही, ही अडचण आहे.

काढलेली गाठ सहसा फॉर्मॅलिनमध्ये जाते. निदानाला ते योग्यच. पण फॉर्मॅलिनने प्रथिनं एकमेकांत जखडतात आणि जेलसाठी निरुपयोगी होतात. रुग्णाच्या संमतीने एक छोटा तुकडा लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवला, तर तो टिकतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी हाच नायट्रोजन खेड्यापाड्यांत पोचतो. मग २०१६ मध्ये सुरू झालेल्या आपल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो का पोचू नये? एक नायट्रोजनचं भांडं, उणे ८० अंशांचा एक फ्रीझर आणि नोंदी ठेवणारा एक प्रशिक्षित माणूस, एवढी तरतूद जिल्हा नियोजन समितीने यंदा करावी. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयातून शिकून निघणाऱ्या मुलांना हे काम इथेच मिळेल आणि गोंदियाच्या रुग्णाची गाठ पुढच्या रुग्णाच्या औषधाला दिशा देईल.