गृहप्राणिविचार : सापाच्या अंगावरील कोळी

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मुलाकडे राहणाऱ्या एका वृद्ध वाचक भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या बारा वर्षांच्या नातवानें आईबापांच्या संमतीनें 'बॉल पायथन' जातीचा लहान अजगर पाळला आहे. अलीकडे त्याच्या अंगावर मोहरीहून बारीक काळे ठिपके हालचाल करतांना दिसूं लागले. मुलाचे वडील म्हणतात कीं, झुरळांचें औषध पेटींत फवारावें, नाहीं तर साप रानांत सोडून द्यावा. सूनबाईंना हे किडे अंथरुणांत शिरतील अशी धास्ती, आणि नातू तर जेवणावरची वासना उडून बसला आहे. "यांत योग्य कोणतें?" असें त्या विचारतात. साप पाळण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांवर यावयाचा नाहीं. परंतु आपल्या स्वाधीन केलेल्या मुक्या जिवाविषयीं आपलें कर्तव्य काय, हा प्रश्न सर्वांचाच आहे. म्हणून त्याचा विचार येथें जरा विस्तारानें करतों.

हा उपद्रवी जीव कीटक नव्हे; तो कोळी व गोचीड यांच्या वर्गांतला आहे. इंग्रजींत अशा सूक्ष्म कोळ्यांस 'माइट' म्हणतात. सापावरील या माइटाचें शास्त्रीय नांव 'ऑफिओनिसस नॅट्रिसिस'. यांतील 'ऑफिस' हा ग्रीक शब्द सर्पवाचक असून भाषापंडित त्याचें नातें आपल्या 'अहि' शब्दाशीं जोडतात. उत्तरपदाचा अर्थ टोंचणारा. एकूण 'सर्पवेधी' हें नांव त्यास शोभेल. रक्त पिऊन फुगलेली मादीसुद्धां सुमारें एक मिलिमीटरच भरते.

या जिवाची राहणी नीट समजली म्हणजे उपाय आपोआप सुचतो. तो सापाच्या अंगावर जेवतो, पण त्याचा संसार असतो पेटींत. मादी रक्त पिऊन खालीं उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटींत अंडीं घालते. तिच्या आयुष्यांत तीं साठ ते ऐशीं होतात. उबदार जागेंत तीं एक ते चार दिवसांत फुटतात. पुढें तीन अवस्थांतून गेल्यावर पूर्ण वाढ होते. त्यांपैकीं मधलीच तेवढी रक्त पिते आणि ती न मिळालें तरी दोन-तीन आठवडे तग धरते. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा हा फेरा साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. तेव्हां आज सापाचें अंग स्वच्छ केलें आणि पेटी तशीच ठेवली, तर पंधरवड्यानें तीच सेना पुन्हां उभी राहणार हें उघड आहे. रानांतला साप जागा बदलून या उपद्रवापासून दूर जाऊं शकतो. पेटींतल्या सापास मात्र शत्रूच्या घरांतच कोंडलेलें असतें आणि तें कोंडणारे आपण असतों.

लक्षणें ओळखणें कठीण नाहीं. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यांत बसून राहतो, अंग घासतो, अन्न नाकारतो. त्याची कात तुकड्यातुकड्यांनीं निघते. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खांच आणि गुदद्वाराजवळचे खवले भिंगानें पाहावे. पांढरें ओलसर फडकें अंगावरून हलकेंच फिरविल्यास काळे ठिपके त्यास चिकटतात. उपेक्षा केली तर रक्तक्षय होतो, आणि या कोळ्यांच्या दंशावाटे 'एरोमोनास' जातीचे जंतु शिरून लहान साप दगावतोही.

उपाय क्रमानें सांगतों. पहिल्या दिवशीं सापास झाकणाच्या हवेशीर डब्यांत हलवावें. पेटींतला भुसा, लांकडाचे ओंडके व लपण्याच्या जागा पिशवींत बांधून घराबाहेर टाकाव्या. कढत पाणी व साबण यांनीं पेटी धुवावी. कोपरे व सांधे ब्रशानें घासावे. पूर्ण कोरडी झाल्यावर तळाशीं केवळ पांढरा कागद पसरावा आणि तो रोज बदलावा. लपण्यासाठीं पुठ्ठ्याचें खोकें पुरे. तेंही वरचेवर फेकून नवें द्यावें. सापाला कोमट पाण्यांत अर्धा तास बसवावें, पण नजरेआड करूं नये. त्यानें पुष्कळसे कोळी बुडून मरतात. डोक्याकडे चढलेले मात्र वांचतात. म्हणून स्नान हा पूरक उपाय होय.

औषध सरपटणाऱ्या प्राण्यांचें ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडूनच घ्यावें. फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन हीं औषधें वापरतात. परंतु मात्रा सापाच्या वजनावर ठरते, आणि आयव्हरमेक्टिन तर कासवाला प्राणघातक आहे. यावरून एका प्राण्याचें औषध दुसऱ्यास देण्यांतला धोका कळावा. झुरळांचा फवारा, फिनेल, रॉकेल, डांबरगोळ्या यांपैकीं कांहींही बंद पेटींत घालणें म्हणजे किड्यांबरोबर सापासही मारणें होय. उपचार व स्वच्छता हीं किमान सहा आठवडे चालूं ठेवावीं. ठिपके दिसेनासे झाले म्हणून मध्येंच थांबूं नये.

रानांत सोडण्याची सूचनाही ग्राह्य नाहीं. हा अजगर मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेंतला. न्यू जर्सीच्या हिवाळ्यांत तो गारठून मरेल. सूनबाईंनीं मात्र फार भिऊं नये. हा कोळी क्वचित्‌ माणसास चावतो व पुरळ उठते, पण सर्पावांचून त्याचा वंश चालत नाहीं. साप हाताळल्यावर हात धुवावे व कपडे गरम पाण्यांत टाकावे, म्हणजे पुरे. रोजचा कागद बदलण्याचें काम नातवाकडेच द्यावें. प्राणी पाळण्याची हौस ज्याची, सेवाही त्याची, हा धडा शाळेंत मिळत नाहीं.

ज्यांच्या घरीं असे एकाहून अधिक प्राणी आहेत त्यांनीं नवा साप आणल्यावर दोन-तीन महिने निराळ्या खोलींत ठेवावा आणि त्याची व्यवस्था सर्वांत शेवटीं करावी. कारण हा कोळी बहुधा नव्या पाहुण्याबरोबरच घरांत येतो.

भारतांतील मुलांना हें वाचून साप पाळण्याची इच्छा झाल्यास त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग, घोणस, धामण, अजगर इत्यादि आपल्या सापांस संरक्षण दिलें असून ते पकडणें व घरीं बाळगणें गुन्हा आहे. त्यांचें कौतुक त्यांच्या रानांतच करावें. तेथें त्यांची पेटी धुवावयाची जबाबदारी आपल्यावर येत नाहीं.