होम थिएटर घेण्याआधी श्रुतलेखन घ्या

आमच्या भंडाऱ्याकडे धान विकून हाती चार पैसे आले की घराघरात खरेदीच्या गोष्टी सुरू होतात. यंदा नात्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, दहा हजारांत होम थिएटर घ्यावं का?" तिघांना फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, इथेच लिहून टाकावं. मी काही इंजिनिअर नाही. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, एवढंच. पण हा प्रश्न विजेचा जितका आहे तितकाच भाषेचाही आहे, म्हणून हे धाडस.

आधी पैशाचं बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. म्हणजे दहा हजारांचा संच झाला चार क्विंटलांहून जास्त धान. बांधीत उभं राहून पिकवलेलं धान. ते देऊन घरात काय यायला हवं? धडधड की शब्द?

ऑल-इन-वन म्हणजे सगळं एकाच खोक्यात. पूर्वी त्यात डीव्हीडी प्लेअर, अॅम्प्लिफायर, पाच लहान स्पीकर आणि एक ढोलासारखा सबवूफर यायचा. आता डीव्हीडीचा जमाना गेला आणि बहुतेक ठिकाणी टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, म्हणजे साउंडबार, आणि सोबत सबवूफर मिळतो. त्यावर ५.१ असं लिहिलेलं असतं. पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन. तो पॉइंट एक म्हणजे सबवूफर. सिनेमातले संवाद बहुतेक त्या मधल्या स्पीकरमधून येतात, हे लक्षात ठेवा.

आता माझा मुद्दा. व्याकरणात आपण स्वर आणि व्यंजनं शिकतो. बोलताना जोर स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनं सांभाळतात. 'साल', 'शाल', 'खाल', 'चाल' यांत 'आ' तोच, पहिलं अक्षर हुकलं की गोष्टच बदलते. 'स', 'श' यांसारखे आवाज फार उंच पट्टीतले, काही हजार हर्ट्झचे. सबवूफर काम करतो साधारण १२० हर्ट्झच्या खाली. आणि वय झालं की कान आधी उंच पट्टीतलंच ऐकणं सोडतात. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जे कमी ऐकू येतं ते सबवूफर देऊच शकत नाही. उलट धडधड वाढवली की उरलेली व्यंजनंही तिच्याखाली दबतात.

दुकानात मात्र नेमकी तीच धडधड ऐकवतात. मारामारीचा प्रसंग लावतात, काउंटरची काच थरथरते, आणि "कसं वाटते जी गुरुजी?" म्हणून विचारतात. कुठलाही संच तिथे भारीच वाटतो!

खोक्यावरच्या वॅटलाही भुलू नका. पीएमपीओ म्हणून हजारांत आकडा छापलेला असेल तर तो सरळ सोडून द्या, त्या मोजणीला धड नियमच नाही. आरएमएस किती ते विचारा. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत बातम्या ऐकायला दोन-चार वॅटही पुष्कळ होतात.

मागच्या दोन स्पीकरांचंही तसंच. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला, बाजूला दार, मागे जागाच नाही. मग ते दोन्ही स्पीकर टीव्हीच्याच डोक्यावर खिळ्याला लटकवलेले मी किती घरांत पाहिलेत! शिवाय बातम्या, मालिका, यूट्यूबवरची कीर्तनं हे बहुतेक दोनच वाहिन्यांत, म्हणजे साध्या स्टिरिओत असतं. मागचे स्पीकर एकतर गप्प बसतात, नाहीतर पुढच्यांचीच री ओढतात.

ऑल-इन-वनची चांगली बाजूही सांगायला हवी. एचडीएमआय एआरसीची सोय दोन्हीकडे असली की टीव्हीपासून एकच वायर, आणि बहुतेक वेळा टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. ज्या घरात दुपारी आजी-आजोबाच असतात तिथे ही सोय मोठी आहे. वाईट बाजू ही, की मुख्य डबा बिघडला तर सगळंच मुकं. जुन्या संचांचे स्पीकर आणि त्यांच्या पिना त्याच डब्यापुरत्या केलेल्या असतात, दुसऱ्याला सहसा जुळत नाहीत. म्हणून कुणी जुना डीव्हीडीवाला संच स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. नवा घेतानाही दुरुस्ती भंडाऱ्यात होईल की नागपूरला न्यावा लागेल, हे आधी विचारा.

मग घ्यावं काय? आधी काहीच घेऊ नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करण्याची सोय असते, ती लावून बघा. टीव्ही कोनाड्यात खोल असेल तर पुढे सरकवा. लादी आणि सिमेंटच्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे जाड पडदा लावा, खाली सतरंजी अंथरा. मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात हा त्रास कमी होता. कान फारच कमी झाले असतील तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, होम थिएटर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. एवढ्याने भागलं नाही तर या पैशांत ५.१ च्या मागे न लागता संवादाचं वेगळं बटण असलेला साधा साउंडबार घ्या. मधला स्पीकर वेगळा असला तर उत्तमच. सबवूफर असेल तर त्याचा आवाज निराळा कमी करता आला पाहिजे, नाहीतर रात्री शेजाऱ्याच्या भिंतीला आपला सिनेमा ऐकू जातो.

आणि घेण्याआधी दुकानात श्रुतलेखन घ्या. चेष्टा करत नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या, मराठी बातम्या लावा, आवाज घरी असतो तेवढाच ठेवा, आणि ऐकलेली पाच वाक्यं त्यांना म्हणायला सांगा. ज्या संचावर चुका कमी, तो संच चांगला. किंमत त्यानंतर विचारा.

आपल्या झाडीपट्टीला हे मी काय सांगावं! दिवाळीनंतर वडशाच्या मंडळ्या गावोगावी येतात, रात्रभर नाटक चालतं, मांडवात हजारो माणसं असतात. नट पास की नापास, हे ठरतं शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला शब्द कळला की नाही यावर. मग घरातल्या टीव्हीला तीच परीक्षा का नको?

कारण पुष्कळ घरांत हल्ली असं दिसतं. विनोद होतो, सगळे हसतात, आणि एक माणूस विचारतो, "काय म्हणाला?" दोनदा कुणीतरी सांगतं, तिसऱ्यांदा "काही नाही" म्हणतात. चौथ्यांदा तो विचारत नाही, आणि काही दिवसांनी उठून आतल्या खोलीत जाऊन बसतो. चार क्विंटल धान घालून त्याला परत बाहेर आणता येत असेल तर खुशाल घाला. नुसती काच थरथरवायची असेल तर पैसे बँकेत असू द्या.

असो. ज्यांनी विचारलं होतं त्यांनी काय घेतलं ते जरूर कळवा, आणि श्रुतलेखनाचे मार्कही कळवा!