हवाई अंतराची अट उठवा

उसाइतका अडवणारा दुसरा शेतमाल नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीनची थप्पी लावून भावाची वाट पाहता येते. उसाला तुरा आला की वजन घटू लागते, आणि तोडलेला ऊस वेळेत काट्यावर गेला नाही तर रोज नुकसान. अशा अडलेल्या शेतकऱ्याला गिऱ्हाइके जास्त मिळतील असे पाहायला हवे होते. महाराष्ट्र सरकारने ती कायद्याने कमी करून ठेवली आहेत.

केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशानुसार दोन साखर कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर लागते. राज्यांना ते वाढवण्याची मुभा आहे. महाराष्ट्राने ते 25 केले. दहा किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण हिशेब क्षेत्रफळाचा आहे. 15 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे 707 चौरस किलोमीटर येतात, 25 च्या वर्तुळात 1,963. म्हणजे नव्या कारखान्याला मज्जाव असलेला मुलूख पावणेतीन पट झाला. 1998 मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला खरा, पण ही अट उरली, आणि जुन्या कारखान्यांना परवान्यापेक्षा तीच अधिक सोयीची आहे.

याचा परिणाम बघायचा तर फेब्रुवारीत कुठल्याही ऊसपट्ट्यातल्या गावात जावे. पाळीपत्रकात नंबर डिसेंबरचा असतो, तोडचिठ्ठी मात्र मिळालेली नसते. टोळी आली की मुकादम एकरामागे खुशाली मागतो, वाहनाचा ड्रायव्हर एन्ट्री मागतो, आणि शेतकरी देतो, कारण टोळी परत गेली तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. काटा मारल्याचा संशय आला तरी तो गप्प बसतो. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यायचे, असा कायदा आहे. त्या व्याजासाठी भांडायला किती जण उभे राहतात? पुढच्या हंगामात तोड त्याच कारखान्याची यायची असते. चेअरमनशी वाकडे घेऊन ऊस कुठे घालणार? शेजारी दुसरा कारखाना असता तर साखर आयुक्तांकडे शंभर अर्ज करून जे होत नाही, ते एका हंगामात झाले असते.

ही कोंडी फोडण्यासाठी शरद जोशींची शेतकरी संघटना झोनबंदीविरुद्ध, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याच्या सक्तीविरुद्ध, लढली. 1997 मध्ये झोनबंदी उठली आणि ऊस कुठेही न्यायला शेतकरी मोकळा झाला. पण सरकारची जुनी सवय सुटलेली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने ऊस परराज्यात नेण्यावर बंदी घातली. कर्नाटक सीमेवरच्या शेतकऱ्यांना ती सरळ लुबाडणूक वाटली. विरोध पेटला आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. स्वतःच्या रानातला ऊस निपाणी-चिकोडीकडे न्यायला सरकारची परवानगी कशासाठी?

कारखाने जवळ आले तर ऊस पुरणार नाही, सहकारी कारखाने बुडतील, असे सांगितले जाते. ऊस कमी पडला तर कारखान्याने भाव वाढवून तो मिळवावा. बाकीचा सगळा धंदा असाच चालतो. आणि सहकाराचे नाव इथे घेऊच नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला तो शेतकऱ्याला दुसरा मार्ग मिळावा म्हणून. आज तसाच चार गावांच्या शेतकऱ्यांनी जुन्या कारखान्याला कंटाळून नवा काढायचे ठरवले, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा अंतराचा दाखला आडवा येतो. सहकाराची वाट सहकाराच्याच नावाने अडवणे मला संतापजनक वाटते.

मुक्त बाजार मागता, मग एफआरपी तरी कशाला, असाही प्रश्न येतो. प्रामाणिक उत्तर असे की, खरी स्पर्धा आली तर एफआरपीही जाऊ द्यावी. पण क्रम महत्त्वाचा आहे. एकच गिऱ्हाईक समोर ठेवून भावाचे संरक्षण काढून घेणे म्हणजे शेतकऱ्याला बांधून मारणे होय. आधी अंतर जावे. सी. रंगराजन यांच्या समितीने 2012 मध्येच अंतराची अट आणि ऊसक्षेत्राचे आरक्षण दोन्ही रद्द करण्याची शिफारस केली होती. त्याच अहवालातल्या लेव्ही साखर आणि साखर विक्रीच्या कोट्याबाबतच्या शिफारशी 2013 मध्ये केंद्राने अमलात आणल्या. कारखान्यांना मोकळीक मिळाली, शेतकऱ्याची राहिली.

25 किलोमीटरचा निर्णय राज्याचा आहे, तो मागे घेणेही राज्याच्याच हाती आहे. गाळप हंगामाची तारीख ठरवायला मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्री समिती दरवर्षी बसते. येत्या बैठकीत तारखेच्या आधी हा विषय घ्यावा, आणि केंद्राकडे 15 किलोमीटरचीही अट काढण्याची मागणी त्याच दिवशी पाठवावी.